डाव्या हाताचा अंगठा

४ जानेवारी

आजपासून मला तपासणीचं टेबल मिळालं. इतके दिवस आवक विभागात टपालावर शिक्के मारत होते. टेबलाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली कुणीतरी जुन्या परिपत्रकाची घडी करून घातली आहे. ती काढून वाचावी असं सारखं वाटतं, पण टेबल डगमगेल.

काम असं आहे. पलटणीतून सेवामुक्त होणाऱ्या जवानाचे कागद आमच्या कचेरीत येतात. एक माणूस घरी जायचा तर एकवीस नमुने भरावे लागतात. ते त्याच्या भरतीच्या वेळच्या कागदांशी ताडून पाहायचे. जन्मतारीख, उंची, ओळखीच्या खुणा, निकटचा नातेवाईक, सही. सगळं जुळलं तर 'जुळते' असा शेरा लिहायचा. मग फाइल वर जाते, मुक्तीचा आदेश निघतो आणि माणूस सुटतो. जुळलं नाही तर हरकतीची चिठ्ठी लावून फाइल परत.

शेजारच्या टेबलावर टाचणीबाई बसतात. बाहीच्या काठाला ओळीनं टाचण्या खोचलेल्या असतात म्हणून सगळे त्यांना तसं म्हणतात आणि त्याही ओ देतात. पहिला धडा त्यांनी दिला. "हे बघ पोरी, इथं खोडरबर आणायचा नाही. चूक झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही आणि तारीख. चूक लपवलीस तर गुन्हा, दाखवलीस तर नुसती चूक."

दुसरा धडा अधीक्षकांनी. "संशय आला की हरकत घ्या. हरकत घेतली म्हणून आजवर कुणाला मेमो मिळालेला नाही. चुकून 'जुळते' लिहिणाऱ्यांना मिळालाय."

दोन्ही वाक्यं मी या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतली. घरी आल्यावर सगळ्या फाइली पुन्हा डोळ्यांपुढून गेल्या. एका ठिकाणी मी उंची नीट पाहिली का, हे आठवत नाही.

१० जानेवारी

बाबांचे गुडघे पुन्हा सुजलेत. ते फरश्यांना पॉलिश करतात. मशीन कोपऱ्यात शिरत नाही, म्हणून कोपरे हातानंच घासावे लागतात. त्या कामात त्यांच्या बोटांवरच्या रेषा पार झिजून गेल्या आहेत. आमच्या घरात सही करणारी मी पहिली. आई शिंप्याकडची काजं-बटणं करते. तिचा अंगठा छान उमटतो. बाबांचा उमटत नाही, नुसता काळा डाग पडतो.

मला शाळेत घालायचं होतं तेव्हाची गोष्ट बाबा अजून सांगतात. प्रवेशाच्या अर्जावर त्यांनी अंगठा लावला आणि कारकुनानं अर्ज परत केला. "रेषा दिसत नाहीत. नीट उमटवून आणा." बाबा कामावरचा खाडा करून पुन्हा गेले. पुन्हा तेच. मी बाहेर पायरीवर बसलेली असायची. पाटी नवी होती, ती मांडीवर उभी धरून बसायची. खिडकीच्या आत बसलेल्या माणसाचा फक्त कोपर दिसायचा. मला तेव्हा वाटलं होतं, आपण आत बसायचं.

आज बाबा म्हणाले, "साहेबीणबाई, आम्ही चुकलो तर लोक अडाणी म्हणतात आणि सोडून देतात. तू चुकलीस तर म्हणतील, यांना कशाला शिकवलं. सांभाळून."

धाकटी बहीण मध्येच म्हणाली, "ती कसली चुकतेय! ती आईनं केलेल्या काजावरसुद्धा हरकत घेते."

सगळे हसले. मीही हसले. पण ते काज खरंच तिरकं होतं.

१५ जानेवारी

आजची एक फाइल मनातून जात नाही. जवान टेलिफोनच्या तारा जोडणारा आहे. भरतीच्या वेळची त्याची सही मला फार आवडली. डावीकडे झुकलेली, एका दमात ओढलेली, शेवटी पतंगाच्या शेपटासारखी वर गेलेली. आणि आताच्या अर्जावरची सही पाहिली तर पहिलीतल्या पोराची. अक्षरं एकमेकांना धरून कशीबशी उभी आहेत. अर्जाचा मजकूरही तसाच: "अक्षराबद्दल माफी असावी. आई अंथरुणाला खिळली आहे. घरी आम्ही दोघंच. लवकर सोडावे ही विनंती."

सोडण्याचं कारण 'वैद्यकीय, सेवेस अपात्र' एवढंच. आजार कोणता, ते बंद लखोट्यातून परस्पर वैद्यकीय शाखेकडे जातं. पलटणीलाही ते बाकीच्या कागदांत लिहिता येत नाही. आम्हाला कळत नाही, कळूही नये. माणसाची खासगी गोष्ट असते.

फाइलला लाल चिठ्ठी लावलेली होती, 'तातडी'. पण ती सगळ्याच फाइलींना असते. टाचणीबाई म्हणतात, "खरी घाई असेल त्यानं पांढरी लावावी, निदान उठून तरी दिसेल."

मी त्यांना विचारलं, "आई एवढी आजारी आहे तर याला तोवर रजा का देत नाहीत?"

"कोण देणार? सुटण्याचे कागद निघाले की पलटणीच्या पटावरून नाव कमी होतं. पटावर नाही त्याला रजा कशी देणार? आणि आदेश आल्याशिवाय छावणीच्या फाटकाबाहेर कसं सोडणार? तो आता ना आतला ना बाहेरचा. उंबऱ्यावर उभा असं समज."

म्हणजे माझ्या शेऱ्यावर एक माणूस उंबऱ्यावर उभा आहे. मी दोन्ही सह्या पुन्हा शेजारी ठेवून पाहिल्या. काही केल्या जुळत नाहीत. त्याच्या वतीनं दुसऱ्याच कुणीतरी सही केलेली दिसते. आईसाठी घाई होती तर स्वतः सही करायला काय झालं होतं? वाईट वाटलं, पण वाईट वाटणं हे काही कारण होत नाही. हरकत लिहिली: 'स्वाक्षरी जुळत नाही. पुन्हा घेऊन पाठवावी.'

२ फेब्रुवारी

तारा जोडणाऱ्याची फाइल परत आली. नवी सही जुन्या सहीपेक्षाही वाईट. अर्ध्या नावानंतर ओळ खाली घसरली आहे, जणू लिहिता लिहिता कागदच पळाला. पलटणीच्या कारकुनानं टंकलेखन करून जोडलं आहे: 'स्वाक्षरी सदर जवानाचीच असून आमच्यासमक्ष केलेली आहे. जवानाची आई अत्यवस्थ असल्याचे कळते.'

या वेळी मी बाकीचेही रकाने पाहिले. भरतीच्या नमुन्यात ओळखीच्या खुणा दोन: डाव्या मनगटावर भाजल्याचा व्रण, डाव्या तर्जनीवर तीळ. सुटतानाच्या नमुन्यात या दोन्ही खुणांपुढे 'आढळले / आढळले नाही' असं छापलेलं असतं, त्यातलं एक खोडायचं. दोन्हीकडे 'आढळले' खोडलं होतं.

व्रण एक वेळ फिका पडेल. तीळ कुठं जाईल? सही निराळी, खुणा नाहीत. दुसराच माणूस याच्या नावावर घरी निघालाय की काय? आणि मग खरा कुठं आहे?

अधीक्षकांना दाखवलं. ते म्हणाले, "चांगलं पकडलंत. डाव्या अंगठ्याचा ठसा मागवा, भरतीच्या ठशाशी ताडून पाहा. अंगठा खोटं बोलत नाही."

तशी दुसरी हरकत लिहिली. 'जवानाच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा, स्पष्ट रेषांसह, पाठवावा.' 'स्पष्ट रेषांसह' हे माझ्या मनाचं. लिहिताना कारकुनाच्या खिडकीतला तो कोपर आठवला आणि पेन जरा थांबलं. पण कागदावर धूसर ठसा आला असता तर फाइल आणखी एकदा परत गेली असती. मी त्याचा फायदाच पाहिला.

११ फेब्रुवारी

आज शाखेची तपासणी झाली. शाखेचे मोठे साहेब स्वतः फिरले. सैन्यातून आलेले आहेत, चालताना उजवा पाय किंचित ओढतात. माझ्या टेबलापाशी थांबून त्यांनी पाच फाइली उघडल्या. त्यात तारा जोडणाऱ्याच्या हरकतीची आमची प्रतही निघाली. त्यांनी वाचली आणि अधीक्षकांना म्हणाले, "नव्या बाईंचं काम स्वच्छ आहे."

अधीक्षक मला म्हणाले, "ऐकलंत ना? कायम होण्याचा कागद वर जाईल तेव्हा हे उपयोगी पडेल." माझी नोकरी अजून कच्ची आहे.

घरी सांगितलं. बाबांनी दोनदा सांगायला लावलं, "कसं म्हणाले? स्वच्छ?" मग शेजारी जाऊन भिंतीपलीकडच्या काकांना सांगून आले. आईनं गोड केलं. धाकटीनं वाटी घेऊन माझ्यासमोर उभं राहून विचारलं, "हरकतबाई, साखर बरोबर आहे का, मंजूर करा."

आजचा दिवस चांगला गेला.

२० फेब्रुवारी

फाइल पुन्हा आली. ठसा आहे. रेषाही स्पष्ट आहेत. पण वर ठळक लिहिलंय: 'उजवा'.

मला खरंच राग आला. डावा मागितला तर उजवा पाठवतात. वाचता येत नाही का यांना? भरतीच्या वेळी फक्त डाव्याचा ठसा घेतलेला आहे. उजवा कशाशी ताडून पाहू? डाव्याच्या चौकोनात नुसती आडवी रेघ मारून ठेवली आहे. ना कारण, ना खुलासा. पलटणीचं पत्रही या वेळी दोनच ओळींचं: 'जवान उपलब्ध असलेला ठसा देत आहे. कृपया प्रकरण निकाली काढावे.' आईचा उल्लेख नाही. कदाचित बरी झाली असेल, म्हणून पहिल्यासारखी घाई उरली नसेल.

टाचणीबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अगं, एवढं तीनदा परत करतेस, तिकडं काहीतरी असेल."

"काय असेल?"

"ते मला काय माहीत? मी नुसत्या टाचण्या लावते."

तिसरी हरकत लिहिली. मन लागत नाही. त्या आडव्या रेघेकडे मी बराच वेळ पाहत बसले.

२७ फेब्रुवारी

आज चौकशीच्या खिडकीची पाळी माझी होती. घडलं ते जसंच्या तसं लिहायचं आहे.

रांग मोठी होती. एक जण पुढे आला. माझ्याच वयाचा असेल, दाढी अर्धीमुर्धी केलेली, अंगात लांब कोट, डावा हात कोटाच्या खिशात. त्यानं उजव्या हातानं माझ्या हरकतीची चिठ्ठी लावलेली फाइल सरकवली. फाइलचा क्रमांक मला पाठच होता. तारा जोडणारा. छावणीवाल्यांनी एका दिवसाच्या परवान्यावर, बरोबर पहारेकरी देऊन पाठवलं होतं.

मला बरंच वाटलं. म्हटलं, आता सगळं इथंच मिटेल.

"तुमचं प्रकरण माझ्याकडेच आहे," मी म्हटलं. "थोडक्यासाठी अडलंय. मी आत्ता ठसा घेते." शाईची गादी उघडून मी पुढे केली. "डावा."

"डावा नाही, ताई."

"डावाच लागतो. उजवा चालत नाही."

"तो तिकडेच राहिला."

मला वाटलं ठशाचा कागद पलटणीत राहिला. मी म्हटलं, "मग मागवून घ्या ना. टपालानं आला तरी चालेल."

त्याच्या मागे उभा असलेला म्हातारा सुभेदार फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. तारा जोडणारा हसला नाही. मला समजावल्यासारखं म्हणाला, "टपालात गहाळ व्हायचा हो."

मग त्यानं उजव्या हातानं डावी बाही खिशातून बाहेर काढली आणि खिडकीच्या फळीवर ठेवली. आम्ही फाइल ठेवतो तशी, सरळ करून. कोपराच्या खाली बाही दुमडून सेफ्टीपिन लावली होती. आत काही नव्हतं.

"यावर घेता येत असेल तर घ्या," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

व्रण, तीळ, अंगठा, सही. माझे सगळे आक्षेप त्या एका बाहीत होते. तो डावखुरा होता. ती पतंगाच्या शेपटासारखी रेघ त्या हाताची होती.

मी गादीचं झाकण लावलं. ते नीट लागेना. मग विचारलं, "आईंची तब्येत कशी आहे?"

त्यानं बाही पुन्हा खिशात घातली. "आता घाई नाही, ताई. तुमच्या सवडीनं करा. पण करा. घर बंद आहे."

एवढं एक ऐकून जीव जरा भांड्यात पडला. घाई नाही म्हणाला, म्हणजे तिला उतार पडला असणार. घर बंद आहे, म्हणजे कुणा नातेवाइकाकडे किंवा दवाखान्यात असेल.

पहारेकऱ्यानं घड्याळ दाखवलं. ते दोघं गेले. पुढच्या माणसाचं काम मी काय केलं, आठवत नाही.

२८ फेब्रुवारी

सकाळी पहिल्यांदा अधीक्षकांकडे गेले. म्हटलं, "माझी हरकत चुकीची होती. मला मागे घ्यायची आहे."

"हरकत मागे घेता येत नाही. हरकतीचं निरसन होतं. आणि ते हरकत घेणाऱ्यानं करायचं नसतं."

"मग कुणी करायचं?"

"वैद्यकीय शाखेनं. त्यांना लिहा."

"लिहिते. उत्तर कधी येईल?"

"येईल तेव्हा येईल. पण ते गोपनीय असेल. तुम्हाला वाचता येणार नाही."

"मग 'जुळते' कसं लिहू?"

अधीक्षकांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नाही. "हीच तर अडचण आहे, बाई."

"साहेब, मी स्वतः पाहिलंय. त्याला डावा हात नाही."

"तुम्ही पाहिलंत ते रेकॉर्डवर नाही."

जागेवर येऊन बसले. राग कशावर काढावा कळेना, म्हणून टेबलाच्या पायाखालची ती घडी खेचून काढली. परिपत्रकाचा विषय: 'कार्यालयात कागदाचा वापर कमी करण्याबाबत.' खाली लिहिलं होतं, पाच प्रतींत पाठवले. टाचणीबाईंना दाखवलं. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मला हसू आलं नाही. टेबल डगमगू लागलं, तेव्हा घडी पुन्हा होती तिथं घातली.

संध्याकाळी बाबा गुडघ्यांना शेक देत बसले होते. मी विचारलं, "बाबा, माझ्या शाळेच्या अर्जाचं शेवटी काय झालं? अंगठा तर उमटलाच नाही ना?"

"छे! कुठला उमटतोय. चौथ्या खेपेला तो कारकून मला हाकलतच होता. तेवढ्यात शाळेची घंटा दुरुस्त करायला आलेला माणूस शिडीवरून ओरडला, अहो, मी ओळखतो यांना, यांचाच अंगठा आहे. द्या, मी साक्ष करतो. आणि उतरून सही ठोकली."

"तुमच्या ओळखीचा होता?"

"कसला! त्यानं मला जन्मात पाहिलं नव्हतं. बाहेर आल्यावर मी विचारलं, तुम्ही कुठले? तर म्हणाला, तुमच्या त्या पायरीवरच्या पोरीनं सकाळपासून माझी शिडी धरली होती, तेवढी ओळख पुरे."

मला शिडी धरल्याचं काहीच आठवत नाही. माझं सगळं शिक्षण एका खोट्या साक्षीवर उभं आहे, हे ऐकून आधी दचकायला झालं. आई काजावरून मान वर न करता म्हणाली, "खोटी कशी? अंगठा यांचाच होता की."

१ मार्च

मोठ्या साहेबांची भेट मागितली. अधीक्षक म्हणाले, "मी तुम्हाला अडवत नाही, पण मी सांगितलं असंही म्हणू नका."

रात्रीच निवेदन लिहून ठेवलं होतं. दोनदा शुद्ध करून पुन्हा उतरवलं, हे माझं नेहमीचंच. त्यात असं होतं: 'सदर जवानास मी समक्ष पाहिले आहे. त्यांना डावा हात कोपराखाली नाही. त्यामुळे त्या हातावरील खुणा, त्या हाताचा ठसा व त्या हाताची स्वाक्षरी मिळणे शक्य नाही. माझ्या तिन्ही हरकती एकाच कारणाने उद्भवल्या. ते कारण काय असावे याची मी एकदाही विचारणा केली नाही.'

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "शेवटचं वाक्य कशाला? वरचं पुरेसं आहे."

"ते खरं आहे, साहेब."

"खरं आहे. पण हे फाइलला कायमचं लागेल. आणि तुम्हाला कायम करण्याचा कागद माझ्याच टेबलावर आहे. दोन्ही शेजारी शेजारी आले तर मला काय लिहावं लागेल, कळतंय ना?"

"हो साहेब."

"तुम्ही डॉक्टर नाही. हात नाही, हे कोणत्या अधिकारात लिहिता?"

मी म्हटलं, "हरकत मी घेतली होती ना, साहेब, हात न पाहता. तेव्हा कुणी अधिकार विचारला नाही. आता पाहून लिहितेय."

साहेबांनी खण उघडला. त्यांनी डाव्या अंगठ्याच्या चौकोनात, त्या आडव्या रेघेवर, 'लागू नाही' असा शिक्का मारला. तो शिक्का फक्त त्यांच्याकडेच असतो. शेजारी सही केली, खाली मलाही करायला लावली.

माझ्या कच्च्या नोकरीची मुदत वाढवली आहे. तसा कागद दुपारी हातात आला. बाबांना सांगायचं धाडस होत नव्हतं, पण लपवणं म्हणजे गुन्हा. सांगितलं.

बाबांनी शेकाची पिशवी खाली ठेवली. "कुणी अडाणी म्हणालं का?"

"नाही."

"यांना कशाला शिकवलं, असं?"

"नाही, बाबा."

"मग असू दे." आणि ते शेकाची पिशवी घेऊन उठले.

४ मार्च

तारा जोडणारा आदेश न्यायला आला. या वेळी पहारेकरी नव्हता. माझी खिडकीची पाळी नव्हती, पण मी मागून घेतली.

आदेश मिळाल्याची पोच द्यायची असते. त्यानं पेन घेतलं, लिहू लागला आणि कागद फळीवरून सरकला. त्यानं मनगटानं दाबून धरायचा प्रयत्न केला, तर पेन अडलं. पुन्हा सरकला. म्हणजे पहिल्या अर्जावर, दुसऱ्या अर्जावर असंच झालं होतं. मी पलीकडून हात घालून दोन बोटांनी कागद धरला.

सही झाली. रेघेवर आली.

"आता बरी आली," तो म्हणाला. "धरणारं कुणी असलं की येते."

मला माफी मागायची होती. वाक्यं तयार करून ठेवली होती. त्याऐवजी तोंडातून निघालं, "आईंना माझा नमस्कार सांगा."

तो आदेशाची घडी घालत होता, एका हातानं, हनुवटीचा आधार घेऊन. घडी नीट घालून झाल्यावर म्हणाला, "सांगतो."

त्याला जाताना खिडकीतून पाहिलं. कचेरीच्या फाटकाशी त्यानं कागद दाखवला, तिथल्या पहारेकऱ्यानं आडवा बांबू वर केला. माझ्या छातीवरचा दगड उतरला. अखेर एक माणूस मी घरी पोचवला. उशिरा का होईना.

९ एप्रिल

आजच्या टपालात त्याच्याच फाइलसाठी एक नमुना आला. 'निकटच्या नातेवाइकात बदल.' साधा एका पानाचा असतो.

पूर्वीचा नातेवाईक: आई. बदलाचं कारण: मृत्यू. दिनांक: ११ फेब्रुवारी. नव्या नातेवाइकाच्या रकान्यात काही नाही. खाली सही. सही घसरलेली होती. कागद धरायला कुणी नसणार.

मी तारीख दोनदा वाचली. दिनांक तपासणं हे माझं काम आहे. मृत्यूचा दाखला जोडला होता, त्यावरही तीच तारीख. जुळते.

नियमानं रिकामा रकाना असलेला नमुना परत पाठवायचा असतो. टाचणीबाईंनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाहीची एक टाचणी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि आपल्या कामाला लागल्या. मी रिकाम्या रकान्यात काही लिहिलं नाही. कडेला लिहिलं: 'जवानास मी ओळखते. स्वाक्षरी त्यांचीच आहे.' सही केली. ती टाचणी लावून नमुना फाइलला जोडला.

घरी येऊन ही वही मागे उलटली. ११ फेब्रुवारी. साहेब, स्वच्छ काम, बाबा, आईनं केलेलं गोड. शेवटचं वाक्य मी शाईच्या पेननं, चांगल्या अक्षरात लिहिलेलं आहे. पुढची पानंही वाचली. घाई नाही, म्हणाला होता. घर बंद आहे, म्हणाला होता. आणि मी त्याच्याजवळ नमस्कार दिला होता.

ते पान फाडावं असं मनात आलं. फाडलं नाही. पट्टी घेतली आणि 'आजचा दिवस चांगला गेला' यावर एकच आडवी रेघ मारली. खालचं वाचता येतं. शेजारी सही केली आणि आजची तारीख घातली.